भरतीच्या पोरांनी डोळ्यांचे लेझर करावे काय?

मुदखेड हे जंक्शनचे गाव. इथून एक रूळ धर्माबादवरून निझामाबादकडे जातो, दुसरा किनवटवरून आदिलाबादकडे. गावाला लागूनच केंद्रीय राखीव पोलीस दलाचे प्रशिक्षण महाविद्यालय आहे. शेजारच्या लातूर जिल्ह्यात चाकूरला सीमा सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. त्यामुळे आपल्या वस्तीतल्या पोरांनी खाकी वर्दी आणि रेल्वेची नोकरी या दोन्ही गोष्टी लहानपणापासून डोळ्यांसमोर पाहिलेल्या असतात. पहाटे अंधारातच मुले रस्त्याने धावायला निघतात. आता मुलीही धावतात, ही आनंदाची गोष्ट आहे. मुलांना २४ मिनिटांत ५ किलोमीटर आणि मुलींना साडेआठ मिनिटांत १.६ किलोमीटर, हा हिशेब घरातल्या आजीलासुद्धा पाठ झालेला असतो.

पण डोळ्यांचा हिशेब कोणी सांगत नाही. धावणे झाले, उंची-छाती झाली, लेखी झाली, आणि शेवटी मेडिकलला पोरगा उभा राहिला की तेव्हा कळते की उजव्या डोळ्याला दीडचा नंबर आहे. मग कोणीतरी सल्ला देतो, ‘लेझर करून घे, चष्मा जातो, कोणाला कळतही नाही.’ आई बचत गटातून कर्ज काढायला निघते, बाप मुकादमाकडे उचल मागतो. आम्हाला हाच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो: लेझर करावे काय?

भरतीसाठी करायचे असेल तर उत्तर आधीच सांगून टाकतो. केंद्रीय दलांतील शिपाई पदासाठी करू नये. कॉन्स्टेबल जीडी या भरतीच्या जाहिरातीत नजरेची अट स्पष्ट छापलेली असते. दूरची नजर एका डोळ्याची ६/६ आणि दुसऱ्याची ६/९ हवी, तीही चष्म्याशिवाय, आणि कोणत्याही प्रकारे सुधारून घेतलेली नजर चालत नाही. ‘कोणत्याही प्रकारे’ या शब्दांत लेझर आले. रेल्वेत इंजिनावर जाणाऱ्या सहायक लोको पायलटची वैद्यकीय श्रेणी ए-१ असते. तिथे दोन्ही डोळे चष्म्याशिवाय ६/६ हवेत आणि लॅसिक किंवा नंबर घालवण्याची दुसरी कोणतीही शस्त्रक्रिया केलेला उमेदवार अपात्र ठरतो. म्हणजे ज्या नोकरीसाठी कर्ज काढून ऑपरेशन केले, त्याच नोकरीचा दरवाजा त्या ऑपरेशनने कायमचा बंद होतो. चष्मा निदान काढून ठेवता येतो. बुबुळावरचा लेझर पुसता येत नाही.

‘कळत नाही’ हे म्हणणेही खरे नाही. लॅसिकमध्ये बुबुळावरचा पातळ पापुद्रा गोल कापून उचलतात. त्या कापाची कडा वर्षांनंतरही स्लिट लॅम्प नावाच्या साध्या यंत्राखाली डॉक्टरांना दिसू शकते. बुबुळाचा नकाशा काढणारे यंत्र लावले तर मधला सपाट केलेला भाग सरळ उमटतो. फॉर्मवर ‘शस्त्रक्रिया झालेली नाही’ असे लिहून सही करायची आणि मग पकडले जायचे, हे आपल्या मुलांच्या वाट्याला येऊ नये.

६/६ म्हणजे काय, हे पुष्कळांना ठाऊक नसते. साध्या निरोगी नजरेला ६ मीटरवरून जी ओळ वाचता येते, ती आपल्यालाही ६ मीटरवरून वाचता आली तर ६/६. निरोगी नजर जी ओळ ९ मीटरवरून वाचते ती आपल्याला ६ मीटरवर यावे लागते, तर ६/९. हा तक्ता चष्म्याच्या साध्या दुकानातही टांगलेला असतो आणि तपासणीला दहा मिनिटे पुरतात. अकादमीची फी भरण्याआधी, बूट घेण्याआधी, दोन वर्षे घालवण्याआधी ही दहा मिनिटे द्यावीत. दहावीच्या सुट्टीतच द्यावीत. रंग ओळखण्याचीही तपासणी तेव्हाच करून घ्यावी. ज्याला लाल-हिरवा वेगळा दिसत नाही त्याला जगातले कोणतेही लेझर तो दाखवू शकत नाही.

इथे एक गोष्ट आम्हाला खटकते, ती बोलून दाखवतो. शिपायाला चष्मा चालत नाही, पण केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन आयपीएस होणाऱ्याला चष्मा चालतो आणि लेझरही चालते. सैन्यात अधिकारी व्हायचे असेल तर काही शाखांत लेझर केलेले घेतात. अट अशी की ऑपरेशन वयाच्या २० वर्षांनंतर झालेले हवे आणि त्याला १२ महिने उलटलेले हवेत. अंगमेहनतीच्या पदांना नजर कडक का, याची कारणे असतीलही. पण आपल्या पोरांना एवढे समजले पाहिजे की नंबर निघाला म्हणजे वर्दी संपली असे नाही. रस्ता लांबचा आहे आणि तो अभ्यासाचा आहे. रेल्वेतच कारकुनी पदांना चष्मा चालतो. बँक, तलाठी, शिक्षक यांना कोणी चष्म्याविषयी विचारत नाही.

आता भरती बाजूला ठेवून लेझरचा विचार करू, कारण तो वाईट उपचार नाही.

उणे नंबर म्हणजे लांबचे धूसर दिसणे. डोळ्याचा गोल थोडा लांबट असतो, म्हणून चित्र आतल्या पडद्यावर न पडता त्याच्या अलीकडेच पडते. बुबुळावर काचेसारखा जो पारदर्शक थर असतो, तो लेझरने मधोमध किंचित सपाट केला की चित्र मागे सरकून पडद्यावर येते. ही जाडी केवढी? अवघी अर्धा मिलिमीटर, ५२० ते ५५० मायक्रॉन. एका नंबरामागे साधारण १२ ते १५ मायक्रॉन थर उडवावा लागतो. पापुद्र्याचे शंभर-सव्वाशे वेगळे. खाली निदान २५० मायक्रॉन तरी अखंड राहिले पाहिजेत, पुष्कळ डॉक्टर ३०० धरतात. आता तुम्हीच वजाबाकी करून पाहा. चारचा नंबर आणि जाड बुबुळ असेल तर निभते. नऊचा नंबर आणि पातळ बुबुळ असेल तर निभत नाही. जो डॉक्टर हा हिशेब मांडून ‘तुम्हाला करता येणार नाही’ असे म्हणतो, तो चांगला डॉक्टर. त्याच्यावर रागावू नका आणि ‘हो’ म्हणणारा दुसरा शोधू नका.

या शोधात एक आपल्या देशातला माणूस आहे. मद्रास विद्यापीठात शिकलेले रंगास्वामी श्रीनिवासन अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करीत होते. १९८१ च्या नोव्हेंबरात सणाच्या जेवणातून उरलेले टर्कीचे मांस त्यांनी प्रयोगशाळेत नेले आणि त्यावर एक्सायमर लेझर सोडला. आजूबाजूला न भाजता, न करपवता अगदी स्वच्छ काप उमटला. सॅम्युअल ब्लम आणि जेम्स वाइन हे त्यांचे सहकारी. पुढे न्यूयॉर्कचे नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी १९८३ साली हेच तंत्र डोळ्यावर वापरता येईल हे दाखवले, आणि ग्रीसचे डॉ. पल्लिकारिस यांनी १९९० च्या सुमारास पापुद्रा उचलून करायची लॅसिक पद्धत रूढ केली. श्रीनिवासन आणि त्यांच्या दोन्ही सहकाऱ्यांना २०१३ साली राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या हस्ते अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळाले. उरल्यासुरल्या मांसाच्या तुकड्यावरून जगातल्या लाखो लोकांचे चष्मे उतरले.

मोतीबिंदूची गल्लत मात्र करू नका. गावात मोतीबिंदूच्या ऑपरेशनलाही ‘लेझर’ म्हणतात. ते बहुतेक वेळा फेको असते, म्हणजे ध्वनिलहरींनी गढूळ भिंग फोडून काढणे. आपल्या लातूर जिल्ह्यातल्या रेणापूर तालुक्याचे डॉ. तात्याराव लहाने यांनी गोरगरिबांची हजारो ऑपरेशने केली, ती मोतीबिंदूची. मोतीबिंदू हा आजार आहे, तो न काढल्यास माणूस आंधळा होतो. नंबर हा तसा आजार नाही. चष्मा लावला की तो माणूस पूर्ण पाहतो. म्हणून नंबराचे लेझर ही गरज नव्हे, सोय आहे. सोयीसाठी कर्ज काढावे काय, हे ज्याचे त्याने ठरवावे, पण आमचे मत विचाराल तर काढू नये. दोन्ही डोळ्यांचा खर्च पद्धतीप्रमाणे साधारण पंचवीस-तीस हजारांपासून लाखाच्या वर जातो. आरोग्य विम्याचे कार्ड दाखवून भागत नाही, कारण ७.५ पेक्षा कमी नंबराचा खर्च विमा कंपन्या नियमानेच नाकारतात.

करायचेच असेल तर वय १८ च्या वर हवे आणि नंबर निदान वर्षभर स्थिर हवा. १८ व्या वर्षी केले आणि विसाव्या वर्षी नंबर पुन्हा वाढला, असे होते. पोटुशी बाईने आणि अंगावर पाजणाऱ्या आईने थांबावे, त्या काळात नंबर आणि डोळ्यांचा ओलावा बदलतो. ज्याला सतत डोळे चोळायची सवय आहे त्याच्या बुबुळाचा नकाशा आधी नीट पाहून घ्यावा. बुबुळ शंकूसारखे पुढे येण्याचा एक रोग असतो, तो असताना लेझर केले तर असलेली नजरही बिघडते. ऑपरेशननंतर काही महिने डोळे कोरडे पडतात, रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती कडे दिसते. बहुतेकांचे हे कमी होते, काहींचे राहते. रात्रपाळीला टेम्पो चालवणाऱ्याने हे आधी डॉक्टरांना सांगितले पाहिजे.

आपल्या कामांचाही विचार करा. रासनीवर, वीटभट्टीवर, वेल्डिंगच्या दुकानात धूळ आणि ठिणगी डोळ्यात जाते. नव्या पापुद्र्याला धक्का लागला तर तो सरकतो. म्हणून काही दिवस सुट्टी घ्यावी लागते आणि तेवढी मजुरी बुडते, ती खर्चात धरावी. पापुद्रा न उचलता वरूनच करायची पीआरके ही पद्धतही आहे. तिच्यात तीन-चार दिवस चांगलेच दुखते आणि नजर स्थिरावायला आठवडे लागतात, पण धक्क्याची भीती राहत नाही. चाळिशीनंतर जवळचे वाचायला चष्मा लागायचा तो लेझर केलेल्यालाही लागतोच. मोठा नंबर असणाऱ्याचा आतला पडदा नाजूक असतो, आणि लेझरने तो बळकट होत नाही. डोळ्यांपुढे अचानक विजा चमकल्या किंवा काळे ठिपके वाढले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

मुलींच्या बाबतीत वेगळीच घाई असते. पाहुणे यायच्या आत चष्मा उतरला पाहिजे, असे घरच्यांना वाटते. आपल्या प्रत्येक घरात भिंतीवर जो फोटो असतो, त्यातल्या बाबासाहेबांच्या डोळ्यांवर चष्मा आहे. तो कोणाला कमीपणाचा वाटला नाही. मुलीला स्वतःला हवे असेल, वय झाले असेल, पैसा घरचा असेल, तर जरूर करावे. पण समोरच्याने अट घातली म्हणून करू नये. चष्म्यावर अडून बसणारे स्थळ पुढे आणखी कशावर अडेल, ते आईबापांनी तेव्हाच ओळखावे.

लहान मुलांचे तर काही खर्चाचे नाहीच. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, तेव्हा मुलाला घरी ठेवू नका. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून देशात आहे आणि त्यातून नंबर निघालेल्या शाळकरी मुलांना चष्मा मोफत मिळतो. फळा दिसत नाही म्हणून पोरगा मागे पडतो आणि आपण त्याला मठ्ठ म्हणतो, असे किती घरांत झाले असेल.

ज्यांनी लेझर केलेले आहे त्यांना एकच सांगणे. ऑपरेशनच्या आधीचा नंबर आणि बुबुळाच्या मापांचे कागद फेकू नका, सातबारा आणि जातीच्या दाखल्यासोबत त्याच पेटीत ठेवा. साठीला मोतीबिंदू झाला की आत बसवायच्या भिंगाचा नंबर काढताना डॉक्टर तेच कागद मागतील.