जुनं विंडोज नेमकं कुठे अडतं?

नवा प्रोग्राम विंडोज एक्सपीवर उघडला नाही, की संगणक म्हातारा झाला असं ठरवून आपण मोकळे होतो. पण अडचण बहुधा यंत्राच्या ताकदीची नसते. फाइल उघडणं, वेळ मोजणं असली कामं प्रोग्राम स्वतः करत नाही. ती ‘कर्नेल32’सारख्या फायलींतल्या तयार फंक्शनांकडून करून घेतो. कोणती फंक्शनं लागतील त्यांची यादी त्याच्या सोबतच असते आणि तिच्यातलं एक नाव जरी सापडलं नाही, तरी विंडोज त्याला दारातूनच परत पाठवतं. ‘गेट-टिक-काउंट-64’ घ्या. संगणक सुरू होऊन किती मिलिसेकंद झाले, एवढंच ते सांगतं. एक्सपीकडे त्याच कामाचं 32 बिटांचं फंक्शन आहे. त्याची मोजणी 49.7 दिवसांनी पुन्हा शून्यावर येते, म्हणून एक्सपीनंतरच्या विंडोज व्हिस्टात 64 बिटांचं आलं. म्हणजे एक्सपीला न येणारं काम ते केवढंसं! कधी तर नावाचाही प्रश्न नसतो. प्रोग्रामच्या शीर्षभागात ‘किमान आवृत्ती 6.0’ लिहिलेलं असतं आणि एक्सपी पडतं 5.1.

म्हणूनच हे अडथळे बाहेरून दूर करता येतात. नसलेली फंक्शनं पुरवून ‘कर्नेलएक्स’ या पूरक प्रोग्रामने मुळात एक्सपीसाठी लिहिलेले कित्येक प्रोग्राम विंडोज 98वर चालवले, तर ‘सुपरमियम’ हा क्रोमियमवर बेतलेला ब्राउझर आज एक्सपीवर चालतो. अर्थात 64 बिटांचा प्रोग्राम 32 बिटांच्या विंडोजवर असल्या युक्तीने चालणार नाही.

यावर पहिला आक्षेप कंपन्यांचा: प्रत्येक जुन्या आवृत्तीवर चाचणी कोण करणार? तो रास्त आहे. क्रोमने एप्रिल 2016मध्ये एक्सपीची साथ सोडली, तो त्यांचा हक्कच. फक्त ‘आम्ही करणार नाही’ याला ‘तुमच्याने होणार नाही’ म्हणू नये. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो जड आहे. 8 एप्रिल 2014 रोजी एक्सपीचा आधार संपला. नवा ब्राउझर बसवला तरी खालच्या प्रणालीतली भोकं तशीच राहतात. 2017च्या ‘वॉनाक्राय’ या खंडणी-व्हायरसच्या हल्ल्यात सर्वाधिक बळी विंडोज 7चे होते आणि त्या भोकाची दुरुस्ती दोन महिने आधीच आलेली होती, हे खरं. पण विंडोज 7वाल्यांना ती निदान बसवता येत होती. एक्सपीसाठी मायक्रोसॉफ्टने ती खुली केली हल्ला सुरू झाल्यावर. तेव्हा एखाद्या जुन्या उपकरणासाठी ठेवलेला एक्सपीचा संगणक नेटपासून तोडून खुशाल वापरा. बँकेचे व्यवहार मात्र त्यावर नकोत.