रानहंसांचे जग (लेखांक ६) : शेतात पोसलेले हिमहंस

पाणपक्ष्यांच्या संरक्षणाचा विचार बहुधा घटत्या संख्येपासून सुरू होतो. उत्तर अमेरिकेतील हिमहंसाच्या बाबतीत मात्र प्रश्न नेमका उलट्या बाजूने उभा राहिला. पंखांची काळी टोके वगळता पांढराशुभ्र दिसणारा, आणि त्याच जातीत निळसर-करड्या रंगाचाही आढळणारा हा पक्षी हिवाळ्यात जायकवाडीच्या जलाशयावर उतरणाऱ्या पट्टकादंबाच्याच प्रजातीतला आहे. कॅनडाच्या उत्तर किनाऱ्यावर तो उन्हाळ्यात वीण करतो आणि थंडी सुरू होताच दक्षिणेकडे, थेट मेक्सिकोच्या आखातापर्यंत उतरतो. खंडाच्या मधल्या पट्ट्यातील त्याच्या हिवाळी शिरगणतीचा आकडा १९७० च्या सुमारास १० लाखांच्या आत होता; १९९० च्या दशकाअखेर तो ३० लाखांच्या आसपास पोचला.

या वाढीचे मूळ शेतात आहे. टेक्सास व लुइझियाना राज्यांच्या किनाऱ्यावरील दलदलीत मुळे उकरून हिवाळा काढणाऱ्या या पक्ष्याच्या संख्येला पूर्वी तिथल्या तुटपुंज्या खाद्याचीच मर्यादा होती. विसाव्या शतकात दलदलीलगत भातशेती पसरली, स्थलांतराच्या वाटेवर मका वाढला, नत्रयुक्त खतांमुळे उत्पन्न चढत गेले आणि कापणीनंतर शिवारात सांडलेले धान्य हंसांना आयते मिळू लागले. एका परिसंस्थेतील प्राण्यांना दुसऱ्या परिसंस्थेतून असा अन्नाचा पुरवठा होऊ लागला, की परिस्थितिविज्ञानात त्याला अनुदान म्हणतात. या अनुदानामुळे हिवाळ्यातील मृत्यू घटले, धष्टपुष्ट माद्या उत्तरेत पोचू लागल्या, आणि वाढलेल्या संख्येचा भार अशा भूमीवर पडला जिथे गवत वाढायला वर्षातले मोजके आठवडेच मिळतात.

तो भार जमिनीवर कसा उमटतो, हे मॅनिटोबा प्रांतातील चर्चिलजवळच्या ला पेरूझ उपसागराकाठी फार बारकाईने पाहिले गेले. तिथे १९६८ मध्ये फ्रेड कुक यांनी हंसांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला, तर रॉबर्ट जेफ्रीज व त्यांच्या सहकाऱ्यांनी खाऱ्या दलदलीतील वनस्पतींकडे लक्ष वळवले. हंस बेताचे असतील तर त्यांचे चरणे गवताला पोषकच ठरते, कारण त्यांच्या विष्ठेतील नत्र लगेच मुळांना मिळते आणि खुडलेले गवत पुन्हा कोवळे फुटते. वसंतात मात्र, जमिनीवर हिरवे काही उगवण्याआधी, हंस चोचीने माती उकरून मुळे आणि मूलक्षोड, म्हणजे जमिनीखाली आडवे पसरणारे खोड, उपसून खातात. हे प्रमाणाबाहेर झाले की गवताचे आच्छादन जाते, उघड्या मातीतून बाष्पीभवन वाढते, आणि खालच्या थरातील जुन्या समुद्री मातीतले क्षार केशाकर्षणाने, म्हणजे मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी आपोआप वर चढण्याच्या क्रियेने, पृष्ठभागावर येतात. क्षारांमुळे शेजारचे गवतही करपते, उघडा पट्टा रुंदावतो आणि उरलेल्या गवतावर आणखी गर्दी होते.

१९९७ मध्ये तज्ज्ञांच्या गटाने या ऱ्हासाविषयी इशारा दिला आणि १९९९ पासून अमेरिकेत व कॅनडात हिमहंसांच्या शिकारीवरील निर्बंध मोठ्या प्रमाणावर सैल झाले. अमेरिकेत तर नेहमीच्या हंगामाबाहेर शिकार करण्यास आणि ध्वनिमुद्रित आवाजाने पक्ष्यांना खाली बोलावण्यास मुभा मिळाली. अंडी नष्ट करण्याऐवजी प्रौढ पक्ष्यांवर रोख ठेवण्याचे कारण शास्त्रीय होते, कारण दीर्घायुषी पक्ष्यात एखाद्या वर्षाची वीण बुडाली तरी संख्येवर फारसा परिणाम होत नाही, प्रौढांचे जगणे मात्र निर्णायक ठरते. तर्क बरोबर होता, पण आवाक्याचा अंदाज चुकला. पायात कडी चढवलेल्या पक्ष्यांपैकी किती शिकारीत सापडतात यावरून पुढे जे गणित मांडले गेले, त्यात खरी संख्या शिरगणतीच्या कितीतरी पट असल्याचे आणि शिकाऱ्यांच्या वाट्याला तिचा अगदी लहान हिस्सा येत असल्याचे दिसले. पुढे वाढ थांबून संख्या उतरणीला लागली, त्यामागे बंदुकीपेक्षा पिल्लांचे घटते प्रमाण हे मोठे कारण होते. उत्तरेत उन्हाळा लवकर येऊ लागल्याने पिल्ले चरू लागेपर्यंत गवत जून होऊन त्याचा कस उतरतो, असे अभ्यासक त्याचे एक स्पष्टीकरण देतात. कारण शेतात असताना उपाय केवळ शिकारीत शोधणे हीच या धोरणाची मूळ उणीव म्हणावी लागेल.

संख्या घटली म्हणून दलदल लगेच भरून येत नाही. कुंपण घालून हंसांना दूर ठेवलेल्या चौकोनांतही, जिथली माती आधीच खारावली होती तिथे, अनेक वर्षे गवत परतले नाही. तिथले मुख्य गवत, पुक्सिनेलिया, त्या किनाऱ्यावर बी धरत नाही. त्याचा प्रसार तुटलेल्या तुकड्यांना मुळे फुटूनच होतो. हे तुकडे चरताना हंसांच्याच चोचीतून गळतात, ओल्या मातीत पडले तर रुजतात, आणि खारट, कडक झालेल्या मातीत वाळून जातात.