स्थलांतरित मजुरांच्या निरोधविषयक अभिवृत्तीचे मापन : जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या संदर्भात

अभिवृत्ती डोळ्यांना दिसत नाही. व्यक्तीच्या प्रतिसादांवरून तिचे अनुमान करावे लागते. लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडलेली पद्धत आजही आपल्या बहुतेक लघुप्रबंधांत वापरली जाते : विधाने द्यावयाची, ‘पूर्णतः सहमत’ ते ‘पूर्णतः असहमत’ अशा पाच पर्यायांतून निवड करावयास सांगावयाचे व गुणांची बेरीज करावयाची. निरोधाच्या वापराबाबतही अशा श्रेणी उपलब्ध आहेत. हेल्वेग-लार्सन व कॉलिन्स यांच्या १९९४ मधील २५ विधानांच्या श्रेणीत परिणामकारकता, लैंगिक सुख, वापरणाऱ्यास लागणारा कलंक, जोडीदाराशी बोलण्याचा संकोच व खरेदीचा संकोच हे पाच घटक वेगवेगळे मोजले जातात. मात्र ती अमेरिकन विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या प्रतिसादांवर उभी आहे. केवळ भाषांतर करून ती आपल्या परिसरात वापरता येईल काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत ‘स्थलांतरित मजूर’ या एकाच संज्ञेखाली निदान दोन भिन्न गट येतात. विघ्नहर व भीमाशंकर या सहकारी साखर कारखान्यांच्या गळीत हंगामात येणारे ऊसतोड मजूर बहुधा जोडीने येतात. पती-पत्नी मिळून ‘एक कोयता’ धरला जातो व उचलही त्या जोडीस मिळते. दुसरीकडे नारायणगाव-मंचर परिसरात बाजारपेठेतील व बांधकामाची कामे करणारे, कुटुंब गावी ठेवून आलेले पुरुष असतात. (पश्चिम पट्ट्यातून बागायती गावांत उतरणाऱ्या आदिवासी मजुरांचा विचार स्वतंत्रपणेच व्हावयास हवा.)

आता ‘निरोधाचा आग्रह धरणारी स्त्री जोडीदारावर अविश्वास दाखवते’ हे विधान घ्या. एकटा राहणारा पुरुष ते बहुधा घराबाहेरील संबंधांना धरून समजून घेईल. तेथे विश्वासाचा प्रश्न गौण असतो. ऊसतोड स्त्रीचे तसे नाही. महाराष्ट्रात स्त्री-नसबंदी ही कुटुंबनियोजनाची सर्वाधिक प्रचलित पद्धत आहे. जिची शस्त्रक्रिया झाली आहे तिला गर्भधारणा टाळण्यासाठी निरोधाचे प्रयोजन उरत नाही; मग तो मागणे म्हणजे पतीच्या वर्तनाविषयीची शंका उघड बोलून दाखवणेच होय. तिने ‘पूर्णतः सहमत’ म्हटले की श्रेणी तिच्या नावे प्रतिकूल अभिवृत्ती नोंदवते. वास्तविक तिने आपल्या संसारातील वस्तुस्थिती सांगितलेली असते. दोन्ही गटांची सरासरी सारखी आली तरी ती एकाच गोष्टीची नसते. क्रोनबॅक अल्फा उंच आला की साधन सिद्ध झाले, असे मानण्याची आपल्याकडे सवय आहे. परंतु तो अंतर्गत सुसंगती दाखवतो, सप्रमाणता नव्हे. अशा गुणांवरून ‘स्त्रियांत जागृतीचा अभाव’ असा निष्कर्ष निघाला, तर सारे प्रबोधन तिच्या वाट्यास येते आणि ज्याच्याशी बोलावयास हवे तो पती सुटतो.

मुलाखतीची परिस्थितीही गुणांत मिसळते. विधाने वाचून दाखवावयाची असल्यास पाच पर्याय लक्षात राहत नाहीत, आणि नकारार्थी विधानास ‘असहमत’ म्हणताना उत्तरदाता हमखास गोंधळतो. कोपीजवळ मुकादम उभा असताना ‘कॉलेजच्या सरां’ना मिळणारा होकार पुष्कळदा निव्वळ आदराचा असतो.

म्हणून आधी दोन्ही गटांत मोकळ्या मुलाखती घेऊन विधाने त्यांच्याच बोलीतून घडवावीत. ‘पती-पत्नी’ व ‘अन्य जोडीदार’ या संबंधांचे गुण वेगळे ठेवावेत. पर्याय तीनच द्यावेत. स्त्रियांच्या मुलाखती स्त्री संशोधकाने, मुकादमाच्या अनुपस्थितीत घ्याव्यात. ऊसतोड मजूर हंगाम संपताच गावी परततात. त्यामुळे पुनर्चाचणी करावयाची तर दुसरी फेरी फेब्रुवारीअखेरपर्यंत उरकावी लागेल.