डोंगराआडची हाक

'डीसीएस वर्ल्ड' या संगणकावरील लढाऊ विमानांच्या खेळात आपण कॉकेशसच्या दरीतून चाललो आहोत. इंधन संपत आले. हवेतच इंधन देणाऱ्या टँकर विमानाला हाक घातली, तर उत्तर नाही! नवशिक्याला वाटते, रेडिओच बिघडला. तो वारंवारता बदलत बसतो आणि तेवढ्यात टाकी कोरडी होते.

दोष रेडिओचा नसतो. विमानांच्या व्हीएचएफ व यूएचएफ लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. विमानाच्या मीटरमधील उंचीचे वर्गमूळ काढून त्याला ४.१२ ने गुणावे, की त्याचे रेडिओ-क्षितिज किलोमीटरमध्ये मिळते. (लहरी किंचित वाकतात, त्याची सूट या आकड्यात धरलेली आहे.) टँकर ६,४०० मीटरवर असेल तर सुमारे ३३०, आपण १०० मीटरवर असू तर अवघे ४१. बेरीज ३७१. पण ही झाली समुद्रावरची गोष्ट! मध्ये शिखर आले, की ५० किलोमीटरवरचा टँकरही मुका.

मग वर चढावे लागते. त्यात उरलेसुरले इंधन जळते, आणि टँकरला आपण ऐकू येऊ लागतो तसे शत्रूच्या रडारलाही दिसू लागतो. म्हणून जाणता खेळाडू दरीत शिरण्यापूर्वीच टँकरशी बोलून घेतो.