गिटार विवर्धकातील खर्ज प्रतिसाद

गिटार विवर्धकातील खर्ज प्रतिसाद : विद्युत् गिटारचे नीच कंप्रतेचे (दर सेकंदास होणाऱ्या कंपनसंख्येने कमी असलेले) स्वर विवर्धक किती प्रमाणात व किती स्पष्टपणे पुनरुत्पादित करतो हे दर्शविणारा गुणधर्म. निर्वात नलिकांवर चालणाऱ्या व हाताने जोडलेल्या विवर्धकांत आवाज वाढविला असता खर्जाचे स्वर पुष्कळदा ढिले, पसरट व एकमेकांत मिसळलेले ऐकू येतात. हा दोष घालविण्यासाठी विद्युत् मंडलात जे फेरफार करतात त्यांस ‘खर्ज घट्ट करणे’ असे म्हणतात. [⟶ इलेक्ट्रॉन नलिका].

कारणे : सहातारी गिटारच्या सर्वांत जाड मोकळ्या तारेची मूलभूत कंप्रता ८२·४ हर्ट्‌झ असते. त्याहून खाली वाद्याचा संगीतोपयोगी भाग जवळजवळ नसतो. तेथे तारेवरील हाताचे धक्के व विद्युत् पुरवठ्याची गुणगुण एवढेच असते. असे असूनही अनेक मंडले याच्या पुष्कळ खालपर्यंतचे संकेत पुढे जाऊ देतात. विवर्धक हळू वाजविला असता याचा उपद्रव होत नाही. नलिका तिच्या क्षमतेपलीकडे चालविली म्हणजे मात्र मोठ्या परमप्रसराचा (आंदोलनाच्या कमाल विस्ताराचा) खर्ज संकेतच तिची मर्यादा व्यापून टाकतो आणि त्यावर आरूढ झालेले उच्च स्वर छाटले जातात. त्यामुळे विकृती निर्माण होण्यापूर्वी खर्ज कमी करावा व जरूर तर तो नंतर वाढवावा, हे या विषयातील मुख्य तत्त्व होय.

दुसरे कारण जालक-प्रवाहाचे आहे. संकेत मोठा झाला की जालक ऋणाग्राच्या मानाने धन होते, त्यातून प्रवाह वाहतो व त्याआधीचे जोड-धारित्र विद्युत् भारित होते. हा भार जालकाच्या रोधकातून ओसरेपर्यंत नलिका बंद किंवा अर्धवट बंद राहते. जोड-धारित्र ०·१ मायक्रोफॅराड व रोधक २,२०,००० ओहम असल्यास ओसरण्याचा कालांक २२ मिलिसेकंद येतो. ८२ हर्ट्‌झ स्वराचे एक आवर्तन मात्र सुमारे १२ मिलिसेकंदांत पुरे होते. म्हणजे एका आघातातून नलिका सावरण्यापूर्वीच पुढचा आघात येतो आणि स्वर गुदमरतो. धारित्र ०·०२२ मायक्रोफॅराड केल्यास कालांक ५ मिलिसेकंदांहून कमी होतो.

उदाहरण : अमेरिकेतील फेंडर कंपनीचा ‘डीलक्स’ हा विवर्धक १९५५ च्या सुमारास ५ ई ३ या मंडलानुसार बनू लागला व १९६० पर्यंत प्रचारात होता. मंडल सोपे असल्याने हौशी कारागीर आजही त्याची प्रतिकृती जोडतात. त्याच्या शक्तिनलिकांपूर्वी वर सांगितलेलीच ०·१ मायक्रोफॅराडची धारित्रे आहेत, ऋणाग्रांना २५ मायक्रोफॅराडची उपमार्गी धारित्रे आहेत आणि निर्गमाकडून ऋण पुनःप्रदाय घेतलेला नाही. मध्यम आवाजात याचा खर्ज उबदार लागतो, पण आवाज पूर्ण वाढविल्यास तो विस्कटतो.

ऋणाग्राच्या धारित्राचा परिणाम गणिताने काढता येतो. १२ एएक्स ७ या नलिकेच्या धनाग्रास १,००,००० ओहम व ऋणाग्रास १,५०० ओहम रोधक असल्यास धारित्रासह तिचे विवर्धन सुमारे ६१ पट व धारित्राशिवाय सुमारे ३२ पट असते. धारित्र २५ मायक्रोफॅराड असता विवर्धन सुमारे ८ हर्ट्‌झखाली उतरू लागते. ४·७ मायक्रोफॅराडला ही सीमा सुमारे ४४, २·२ ला ९३ आणि ०·६८ ला ३०० हर्ट्‌झ येते. म्हणजे धारित्र बदलून खर्ज नाहीसा होत नाही. उच्च स्वरांच्या तुलनेत तो जास्तीत जास्त सुमारे निम्म्यावर येतो. जोड-धारित्र लहान केल्यास मात्र सीमेखालील स्वर उत्तरोत्तर अधिकाधिक क्षीण होत जातात. लंडनच्या मार्शल कंपनीने आपला पहिला विवर्धक फेंडरच्या ‘बेसमन’ या, मुळात खर्ज गिटारसाठी असलेल्या मंडलावरून बेतला. पुढे तिने एका नलिकेच्या ऋणाग्रास २,७०० ओहम व ०·६८ मायक्रोफॅराड हे मूल्य वापरले; तीव्र विकृतीतही स्वर स्पष्ट राहण्यास त्याची मदत झाली.

शक्तिपुरवठा व ध्वनिक्षेपक : खर्जाच्या आघाताला मोठा प्रवाह लागतो. एकदिशकारक नलिकेचा रोध जास्त व गाळणीची धारित्रे लहान असल्यास तेवढ्या क्षणी विद्युत् दाब खचतो. धारित्र वाढविल्याने दाब अधिक स्थिर राहतो, पण प्रत्येक एकदिशकारक नलिकेस त्याची मर्यादा असते, उदा., जीझेड ३४ या नलिकेस ती ६० मायक्रोफॅराड आहे. कमी रोधाची नलिका बसविली तर दाब वाढून शक्तिनलिकांवर ताण येतो, म्हणून दाब पुन्हा मोजावा लागतो.

ध्वनिक्षेपकाचीही स्वतःची अनुस्पंदन कंप्रता असते. गिटारसाठी वापरल्या जाणाऱ्या १२ इंची ध्वनिक्षेपकांच्या काही प्रकारांत ती ७५ हर्ट्‌झच्या आसपास, म्हणजे जाड तारेच्या स्वराजवळच असते. तेथे संरोध वाढतो आणि शक्तिनलिकांचा अंतर्गत रोध जास्त असल्याने तोच स्वर फुगतो. ऋण पुनःप्रदायामुळे विवर्धकाचा निर्गम-संरोध घटून शंकूची कंपने लवकर शमतात. पुनःप्रदायाची जोडणी उलटी झाली तर विवर्धक स्वतःच आंदोलित होऊन किंचाळू लागतो. अशा वेळी निर्गम रोहित्राच्या प्राथमिक वेटोळ्याची दोन टोके परस्पर बदलतात.

कार्यपद्धती व मर्यादा : एका वेळी एकच घटक बदलून, त्याच गिटारवर व त्याच आवाजात परिणाम ऐकणे श्रेयस्कर असते. प्रथम ऋणाग्राची धारित्रे, मग जोड-धारित्रे व शेवटी शक्तिपुरवठा असा क्रम सोयीचा ठरतो. खर्ज फार कमी केल्यास हळू वाजविताना आवाज पातळ व कर्कश लागतो. त्यामुळे योग्य मूल्य वादकाच्या शैलीवर अवलंबून राहते.

अशा विवर्धकांत एकदिश दाब सामान्यतः ३०० ते ४५० व्होल्ट असतो व तो प्राणघातक ठरू शकतो. विवर्धक बंद करून पुरवठ्यापासून तोडल्यावरही गाळणीची धारित्रे भारित राहतात. त्यामुळे ती योग्य रोधकातून निर्भारित करून व दाब शून्य झाल्याचे मापकाने पडताळूनच आत हात घालणे आवश्यक असते.