पाण्याची हद्द

"बाई, पलीकडचा बंधारा श्रावणात सांडतो आणि आमचा दिवाळी आली तरी अर्धाच. पाऊस तर दोघांवर एकच पडतो ना?"

अण्णांनी हे विचारलं तेव्हा आम्ही त्या अर्ध्या भरलेल्या बंधाऱ्याच्या भिंतीवर बसलो होतो. गाव पुरंदर तालुक्यातलं, सासवडच्या नैर्ऋत्येला, पुरंदर-वज्रगडाच्या डोंगररांगेच्या उत्तर उतारावर. या रांगेच्या माथ्यावर पडलेला थेंब उत्तरेला ओघळला तर कऱ्हेला मिळतो, दक्षिणेला ओघळला तर नीरेला. दोघांची भेट पुढे बारामती तालुक्यात सोनगावजवळ होते. हे सगळं मी शाळेत वर्षानुवर्षं शिकवत आले आहे. पण अण्णांच्या बंधाऱ्यामागे नेमकं किती शिवार आहे, कुठल्या धारेपासून कुठल्या धारेपर्यंतचं पाणी त्याच्याकडे येतं, हे मला सांगता येईना. "मोजून सांगते," एवढं म्हणून मी उठले.

मोजायचं कसं, हे शिकण्यात पुढचे तीन महिने गेले.

सुरुवात क्यूजीआयएसपासून झाली. नकाशांवर काम करण्याची ही प्रणाली २००२ मध्ये सुरू झाली. जगभरचे स्वयंसेवक ती घडवतात आणि ती पूर्णपणे मोफत आहे. उघडल्यावर समोर फक्त एक पांढरा पडदा असतो. त्यावर एकेक थर आपणच आणून ठेवायचा. थर दोन जातींचे. एक जात आपल्या तलाठ्याकडच्या गावनकाशासारखी : विहीर म्हणजे बिंदू, ओढा म्हणजे रेघ, गट म्हणजे बंद आकृती. याला व्हेक्टर म्हणतात. दुसरी जात आलेखाच्या कागदासारखी : जमिनीवर चौकटींचं जाळं आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा. हे रास्टर. तो आकडा उंचीचा असेल, पावसाचा असेल किंवा उपग्रहाला दिसलेल्या रंगाचा. मला हवा होता उंचीचा, कारण पाण्याला फक्त उंची समजते.

उंचीचे आकडे कुठून आले, हे वाचताना मी बराच वेळ थांबले होते. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर हे अंतराळयान अकरा दिवसांच्या मोहिमेवर गेलं. त्याच्या बाहेर ६० मीटर लांबीचा दांडा काढला होता आणि त्याच्या टोकाला रडारचा दुसरा अँटेना होता. दोन डोळ्यांनी आपल्याला खोली कळते, तशी दोन अँटेनांनी जमिनीची उंची कळते. पृथ्वीवरच्या सुमारे ८० टक्के जमिनीची उंची त्या अकरा दिवसांत नोंदली गेली. ती माहिती आज कुणीही घरबसल्या डाउनलोड करू शकतं. फक्त संकेतस्थळावर मोफत खातं उघडावं लागतं. आपल्या इस्रोचं 'भुवन' हे दालन २००९ पासून आहे आणि तिथे कार्टोसॅट उपग्रहाने मोजलेली उंची मिळते. युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमाचीही तशीच माहिती आहे. सेंटिनेल-२ उपग्रहांची १० मीटर तपशिलाची छायाचित्रंही त्यांच्याचकडून मिळतात. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांचा संग्रह १९७२ पर्यंत मागे जातो आणि २००८ पासून तो सर्वांना खुला आहे. आपल्याकडे फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने नकाशे आणि भौगोलिक माहितीवरचे निर्बंध बरेच सैल केले.

म्हणजे तुटवडा माहितीचा नव्हता. हाती आलेल्या माहितीला काय विचारायचं, हे मला शिकायचं होतं. प्रत्येक फाइल उघडण्याआधी मी वहीत चार प्रश्न लिहू लागले : कुणी मोजलं, कधी मोजलं, किती बारकाईने मोजलं आणि कुठल्या मापात मांडलं. पुढे मला जितक्या अडचणी आल्या, त्या सगळ्या या चारांपैकी एकाचं उत्तर न पाहिल्यामुळे आल्या.

पहिली अडचण मापाची. सराव म्हणून बंधाऱ्याभोवती ५०० मीटरचं वर्तुळ काढायचं होतं. याला बफर म्हणतात. मी ५०० आकडा घातला, बटण दाबलं आणि सगळा पडदा एकाच रंगाने भरून गेला. माझा थर अक्षांश-रेखांशांत होता, म्हणजे त्याचं माप अंश. मी मागितले होते ५०० अंश, आणि पृथ्वीचा फेराच ३६० अंशांचा. उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, तर आपल्या अक्षांशावर पूर्व-पश्चिम एक अंश सुमारे १०५. असल्या वेड्यावाकड्या मापाने शिवार मोजता येत नाही. म्हणून थर आधी मीटरच्या मापात आणावा लागतो. त्यासाठी पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे उभे पट्टे पाडलेले आहेत. ७२ ते ७८ अंश पूर्व हा ४३ वा पट्टा. महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्यातच येतो, पण नागपूर, भंडारा, गोंदिया, गडचिरोली ४४ व्या पट्ट्यात जातात. आपला जिल्हा कुठल्या पट्ट्यात हे पाहिल्याशिवाय मोजणीला हात घालू नये, हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

दुसरी अडचण माझ्या गावाचीच निघाली. उंचीची माहिती एकेक अंशाच्या चौकोनात मिळते, त्यांना टाइल म्हणतात. मी सासवडची टाइल आणली. पडद्यावर सासवड दिसलं, जेजुरी दिसली, पण पुरंदर किल्ला कुठेच नाही. ७४ अंश पूर्व रेखांश सासवडच्या किंचित पश्चिमेकडून जातो. शहर त्याच्या एका बाजूला आणि किल्ला दुसऱ्या. जुन्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशांतही हीच फाळणी आहे : सासवड ४७ जे/३ या पत्रकावर आणि किल्ला ४७ एफ/१५ वर. आमच्या ओढ्याचा उगम एका टाइलमध्ये आणि बंधारा दुसऱ्या. दोन्ही आणून जोडल्या, तेव्हा कुठे डोंगर आणि त्याचं पाणी एका पडद्यावर आलं.

मग खरं काम. सुमारे ३० मीटरची एकेक चौकट, तिच्यात समुद्रसपाटीपासूनची उंची पूर्ण मीटरमध्ये. पहिली पायरी खळगे बुजवण्याची. रडारच्या मोजणीत काही चौकटी चुकून आजूबाजूपेक्षा खोल नोंदल्या जातात आणि संगणकाचं पाणी तिथेच अडकून बसतं. म्हणून ते सगळे भरून घ्यायचे. पण संगणकाला चुकीचा खळगा आणि दगडाची खाण यांतला फरक कळत नाही. मोजणीच्या वेळी असलेली खरी खाणही तो तितक्याच तत्परतेने बुजवतो. दुसरी पायरी उताराच्या दिशेची. प्रत्येक चौकटीला आठ शेजारी. त्यांतल्या ज्याच्याकडे उतार सर्वांत तीव्र, त्याच्याकडे पाणी जाणार. तिसरी पायरी मोजदादीची : प्रत्येक चौकटीतून वरच्या किती चौकटींचं पाणी वाहतं? एक चौरस किलोमीटर म्हणजे अशा सुमारे ११०० चौकटी. एवढ्या किंवा जास्त चौकटींचं पाणी जिथून जातं, तेवढ्याच रंगवायला सांगितल्या.

आणि ओढे उमटले. कुणीही न काढलेले. केवळ उंचीच्या आकड्यांतून शिरांसारखं जाळं वर आलं आणि त्यात मला आमचा ओढा ओळखू आला. देवळामागचं वळणसुद्धा जागेवर होतं. भूगोलाच्या बाईला यापेक्षा मोठा आनंद कुठला असणार?

आता बंधाऱ्याच्या जागेवर बिंदू ठेवून त्याचं पाणलोट क्षेत्र मागायचं. मागितलं, तर उत्तर आलं तीन-चार चौकटींचं. माझा बिंदू ओढ्याच्या चौकटीत न पडता शेजारच्या चौकटीत, म्हणजे काठावरच्या वावरात पडला होता आणि संगणकाने इमानाने त्या वावराचंच पाणी मोजलं होतं. बिंदू एक घर सरकवला आणि डोंगरधारेपर्यंतची पूर्ण आकृती पडद्यावर पसरली. पलीकडच्या बंधाऱ्याचंही तसंच केलं.

दोन्ही आकृत्या शेजारी ठेवल्यावर मी बुचकळ्यात पडले. आमचं क्षेत्र पलीकडच्यापेक्षा मोठं होतं. मग बंधारा रिकामा का?

पावसाकडे वळले. हवामान खात्याची पावसाची माहिती पाव अंशाच्या चौकटींत मिळते, म्हणजे जवळपास २७ किलोमीटरच्या. दोन्ही बंधारे एकाच चौकटीत. दोन किलोमीटरवरच्या दोन ओढ्यांत फरक होता की नाही, याचं उत्तर त्या माहितीत असूच शकत नव्हतं. तालुक्याची सरासरी तर त्याहून ढोबळ. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि माणदेश ५०० च्या आसपास तहानलेला राहतो. या दोघांची सरासरी काढली, तर तो पाऊस कुणाच्याच शेतात पडलेला नसतो. आकडा कुठल्या आकाराच्या जागेचा आहे हे कळल्याशिवाय तो बोलत नाही.

ग्रामसभेपुढे मांडायचं म्हणून गावांची माहितीही जोडायला घेतली. पाणलोटाची आकृती तीन गावांच्या शिवांवर पसरली होती. २०११ च्या जनगणनेचा तक्ता एकीकडे, गावांच्या हद्दींचा थर दुसरीकडे. नावावरून जोडायला गेले, तर जुळेचना. एका ठिकाणी बुद्रुक, दुसरीकडे नुसतं 'बु.', तिसरीकडे इंग्रजी 'बीके'. खुर्द आणि बुद्रुक यांची अदलाबदल झाली, तर एका गावची माणसं शेजारच्या गावात जाऊन बसतात. राज्याच्या नकाशावर सराव केला, तेव्हा पालघर मोकळं राहिलं, कारण तो जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला आणि २०११ च्या तक्त्यात त्याचं नावच नाही. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर यांचंही तसंच. तक्त्यात जुनी नावं. नावं बदलतात, लिहिण्याच्या तऱ्हा बदलतात. म्हणून जोडणी नावावरून न करता गावाच्या संकेतांकावरून करायची असते. तो संकेतांक शोधायला एक रविवार गेला आणि तो सत्कारणी लागला.

तरी मूळ प्रश्न तसाच होता. मी नकाशा मोठ्या कागदावर छापून घेतला आणि अण्णांकडे गेले. त्यांनी चष्मा लावून आधी देऊळ शोधलं, मग आपली विहीर, मग डोंगराकडे बोट नेत गेले. धारेची रेघ पाहून मान हलवली. "धार बरोबर आहे. पण बाई, ही सडक कुठंय?"

सडक नकाशावर नव्हती. माझ्या उंचीच्या माहितीचं वय त्या रस्त्याहून जास्त होतं, आणि नवी माहिती असती तरी ३० मीटरच्या चौकटीत पाच-सहा मीटरच्या रस्त्याचा भराव दिसला नसता. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं माथ्यापासून खाली चालत निघालो. अण्णा पुढे, मी मागे कागद धरून. डोंगराच्या कमरेला तो रस्ता आडवा गेलेला. जिथे संगणकाने आमच्या ओढ्याचा सर्वांत मोठा फाटा रस्ता ओलांडताना दाखवला होता, तिथे रस्त्याखाली मोरी होती, पण दगडमातीने गच्च बुजलेली. वरून येणारं पाणी मोरीशी अडून रस्त्याकडेच्या चारीत वळत होतं आणि चारीने उतारावरून वाहत थेट पलीकडच्या ओढ्यात. चारीतला गाळ पाण्याच्या रेघांनी विंचरल्यासारखा दिसत होता. अण्णा खाली बसले, त्यांनी मूठभर गाळ हातात घेतला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

तो रस्ता ते रोज तुडवत होते, आणि मी तीन महिने पडद्यावर तोच उतार पाहत होते. त्यांना पाण्याचा मूळ मार्ग एका नजरेत दिसला नव्हता आणि मला रस्ता दिसला नव्हता. कागद आणि पाय एकत्र आले तेव्हा मोरी सापडली.

पुढचं काम गावकीचं होतं. मोरी शेजारच्या गावच्या हद्दीत होती. नकाशा घेऊन आम्ही तिकडच्या मंडळींसमोर बसलो. गावाची शीव एका रंगात, पाण्याची शीव दुसऱ्या रंगात. दोन्ही एकमेकींना कुठे छेदतात हे आकृती पाहून सगळ्यांना कळलं. पाणी कुणी चोरलेलं नाही, ते वळलं आहे, हे शब्दांत सांगून पटलं नसतं. उन्हाळ्यात दोन्ही गावांनी मिळून मोरी मोकळी केली. पहिल्या मोठ्या पावसात अण्णांनी फोन केला आणि काही न बोलता तो मोरीच्या तोंडाशी धरला. मला पाण्याचा आवाज ऐकू आला.

त्या रात्री मी ओपनस्ट्रीटमॅप उघडलं. ब्रिटनमध्ये २००४ साली सुरू झालेला हा जगाचा नकाशा सामान्य माणसं भरतात आणि कुणीही वापरू शकतं. आमच्या भागातली देवळं, पाझर तलाव त्यावर अनोळखी लोकांनी काढून ठेवले होते आणि मी ते तीन महिने फुकट वापरले होते. आमचा ओढा होता, पण नुसती निळी रेघ, नाव नाही. मी आधी मोरीचा बिंदू नोंदवला. मग अण्णांना फोन लावून ओढ्याचं नाव विचारलं. त्यांनी सांगितलं, वर ते नाव का पडलं हेही सांगितलं. मी ते देवनागरीत लिहिलं आणि जतन केलं.