गुद्दे, मुद्दे आणि सहस्रबुद्धे

गेल्या जून महिन्यातली गोष्ट. शाळा सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. मी डोंबिवलीला मावसबहिणीकडे गेले होते. तिचा चौथीतला मुलगा शाळेतून आला, तो दप्तर कोपऱ्यात टाकून थेट पलंगावर पालथा पडला. बऱ्याच विनवण्या केल्यावर त्याने उशीत तोंड खुपसूनच विचारले, "आई, आडनाव बदलता येतं का गं?"

त्याचे आडनाव सहस्रबुद्धे. नव्या वर्गात पहिली हजेरी झाली आणि मागच्या बाकावरून कुणीतरी ओळ जुळवली, "सहस्रबुद्धे, खातो गुद्दे!" दोन दिवसांत ती साऱ्या वर्गाला पाठ झाली. मधल्या सुट्टीत ओळ म्हणायची आणि त्याच्या पाठीत खरोखरच एक गुद्दा घालायचा, असा खेळ सुरू झाला.

बहीण म्हणाली, "मी उद्याच बाईंना भेटते." ते योग्यच होते आणि ती भेटलीही. मारामारी थांबली. पण ओळ थांबली नाही. वडिलांनी "लक्ष देऊ नकोस" असा सगळे वडील देतात तो सल्ला दिला. मुलाचा चेहरा काही खुलेना. अखेर आजी पुढे झाल्या. आजी म्हणजे बहिणीच्या सासूबाई, मराठीच्या निवृत्त शिक्षिका. त्या म्हणाल्या, "यमक मात्र चांगलं साधलंय हं त्यानं. पण तुझ्या आडनावाला तेवढा एकच शब्द जुळतो असं कुणी सांगितलं? वही आण बघू."

त्या संध्याकाळी आजी-नातवाने जे केले, ते कोणत्याही घरात करता येण्याजोगे आहे.

आधी कानाने ऐका

आजींनी पहिली अट घातली, आडनाव मोठ्याने म्हणायचे. यमक डोळ्यांनी शोधू नये. 'जोशी' आणि 'दोषी' लिहिताना वेगळे दिसतात, पण आपल्या बोलण्यात 'श' आणि 'ष' सारखेच ऐकू येतात, म्हणून यमक बिनचूक जुळते. उलट 'बुद्धे' आणि 'गेले' या दोन्ही शब्दांच्या शेवटी 'ए' आहे, तरी कानाला काही लागत नाही. 'बुद्धे'मधला 'उ', पुढचे जोडाक्षर 'द्ध' आणि शेवटचा 'ए' असे तिन्ही जुळले, तरच ते पूर्ण यमक.

जाता जाता आजींनी वहीवरची एक चूकही दुरुस्त केली. नातवाने 'सहस्त्र' लिहिले होते. शब्द 'सहस्र' आहे, त्यात 'त' नाही. पुष्कळ मोठी माणसेही ही चूक करतात.

मग 'क'पासून सगळी मुळाक्षरे लावून पाहिली. कुद्धे, खुद्धे, गुद्धे... नातवाला हसू फुटू लागले. 'य' आला आणि शब्द सापडला, 'युद्धे'. रोजच्या वापरातले पूर्ण यमक त्यांना हे एवढेच मिळाले.

जवळचे आणि लांबचे नातेवाईक

पूर्ण यमक नसेल, तर जवळचे शोधावे. 'द' आणि 'ध' म्हणताना जीभ एकाच जागी टेकते, 'ध'ला श्वासाचा जोर तेवढा जास्त लागतो. म्हणून 'मुद्दे', 'हुद्दे' हे शब्द 'बुद्धे'च्या अगदी शेजारचे. 'गुद्दे' त्यांचाच भाऊ. 'क' आणि 'ख', 'प' आणि 'फ', 'न' आणि 'ण', 'ल' आणि 'ळ' अशाच जोड्या आहेत. 'काळे' या आडनावाला 'जाळे' आणि 'टाळे' पूर्ण जुळतात, तर 'झाले' आणि 'भाले' जवळचे म्हणून चालतात. 'साधे', 'अर्धे' हे मात्र सहस्रबुद्ध्यांचे लांबचे नातेवाईक, अडल्या वेळी बोलवायचे.

'मुद्दे' वहीत उतरवताना आजींनी नातवाला एक माहिती सांगितली. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. त्या परिषदेत दहनाचा ठराव मांडणारे होते गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे. "बघ," आजी म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या सभेत त्यांनी आपला मुद्दा मांडला. तुझ्याच आडनावाचे होते."

पोरगा ताठ बसला.

जुळतच नसेल तर?

काही आडनावांना काही केल्या यमक सापडत नाही. त्यावर आपल्या घरांत पूर्वीपासून उपाय आहे. बहिणीच्या लग्नात गृहप्रवेशाच्या वेळी बायकांनी हट्ट धरला होता, नावाबरोबर आडनावही उखाण्यात हवे. तिने ते ओळीच्या सुरुवातीलाच टाकले, "सहस्रबुद्ध्यांच्या दारात रांगोळी काढली रेखून, अमुकरावांचं नाव घेते सर्वांचा मान राखून." यमकाचे ओझे 'रेखून' आणि 'राखून' यांनी उचलले, आडनाव सुखाने सुटले. उखाण्यांत नाव बहुधा असे आत असते ते यासाठीच.

दुसरी युक्ती विभक्तीची. आडनावाला प्रत्यय लावला की शेवट बदलतो. जुनी माणसे 'गोखल्यांचा' म्हणतात, हल्ली 'गोखलेंचा' असेही म्हणतात. दोन्हींच्या शेवटी 'चा' आला की 'मनांचा', 'जनांचा' असे कितीतरी शब्द मदतीला येतात. तिसरी युक्ती दोन शब्द जोडण्याची. 'शुद्ध हे' भरभर म्हणून पाहा, 'बुद्धे'ला बऱ्यापैकी जुळते. यमकांसाठी नावाजलेले आपले कवी म्हणजे मोरोपंत (१७२९ ते १७९४). ओठ न मिटता म्हणता येईल असे 'निरोष्ठ रामायण' त्यांनी रचले. त्यांना शब्दांचे असे खेळ म्हणजे हातचा मळच!

आणि हा खेळ शाळकरी मुलांनी खेळायचाच आहे. एडमंड क्लेरिह्यू बेंटली हा इंग्रज लेखक (१८७५ ते १९५६) लंडनच्या शाळेत शिकत असतानाच थोरामोठ्यांवर चार ओळींच्या गमती रचू लागला. पहिल्या ओळीच्या शेवटी त्या माणसाचे नाव आणि दुसऱ्या ओळीत त्याला यमक, अशी त्यांची रीत. १९०५ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. पुढे या काव्यप्रकाराला त्याच्याच मधल्या नावावरून 'क्लेरिह्यू' म्हणू लागले.

उलटा गुद्दा नको

वही भरत आली, तसा नातवाचा उत्साह वाढला आणि त्याचे डोळे चमकले. ओळ जुळवणाऱ्या मुलाचे आडनाव 'कर'ने संपणारे होते. "आजी, त्याला 'मर' जुळतं!"

आजींनी पेन खाली ठेवले. "जुळतं. पण तू ते लिहिलंस, तर उद्या त्याच्या घरी कुणीतरी उशीत तोंड खुपसून रडेल. 'कर'ला शंभर शब्द आहेत, त्यातला तोच का घ्यायचा? दुसरे लिही." मग घर, सर, साखर, भाकर, बरोबर अशी यादी झाली. नातू थोडा हिरमुसला, पण लिहीत राहिला.

मुलांना आडनावावरून चिडवले जाते, तेव्हा आपण एकतर हसण्यावारी नेतो नाहीतर भांडायला निघतो. हात उगारला जात असेल, तर मोठ्यांनी मध्ये पडलेच पाहिजे. पण मुलाला टोचते ते हे, की त्याच्या नावाचे काय करायचे ते दुसऱ्यानेच ठरवून टाकले. ते काम पुन्हा त्याच्या हाती देता आले, तर अर्धी लढाई तिथेच संपते.

पुढच्या शनिवारी बाईंनी वर्गात कविता म्हणायला सांगितल्या. आमच्या भाच्याने हात वर केला आणि आपली चार ओळींची कविता म्हटली:

आडनाव माझे सहस्रबुद्धे,
आवडत नाहीत मला युद्धे.
भांडण झाले तर मांडीन मुद्दे,
मारत नाही कुणाला गुद्दे!

वर्ग हसला. या वेळी तोही हसला. मधल्या सुट्टीत मागच्या बाकावरचा तो मुलगा जवळ आला. जरा घुटमळला आणि म्हणाला, "माझ्या आडनावाला काय जुळतं रे?"

भाच्याला यादी पाठ होती. त्याने त्यातला शेवटचा शब्द सांगितला, "बरोबर."